दिलेली फट आणि झिजलेली फट

जुन्या बुलेटचा सिलिंडर बोअर करायला दिला, की चांगला बोअरवाला आधी विचारतो, "पिस्टन आणलाय का?" नवखा गाडीवाला गोंधळतो. त्याच्या हिशेबात आधी सिलिंडर तासून घ्यायचा आणि मग त्या मापाचा पिस्टन दुकानातून आणायचा. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. डबीवर '४० ओव्हरसाईज' असं छापलेलं असलं तरी बोअरवाला त्या पिस्टनला स्वतः मायक्रोमीटर लावतो आणि सिलिंडर त्या एकाच पिस्टनसाठी तासतो. छापील आकड्यावर विसंबून तासून देणारेही आहेत. त्यांच्याकडून आलेलं इंजिन महिनाभरात पुन्हा उघडावं लागलं तर नवल वाटू नये.

याचं कारण असं की गिऱ्हाईक पैसे मोजतं पिस्टनचे, पण त्याला हवी असते पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट. ती दुकानात मिळत नाही, करून घ्यावी लागते. ३५० बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर व्यासाचा, ॲल्युमिनियमचा. जुन्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापमान १०० अंशांनी वाढलं तर हा पिस्टन साधारण ०.१५ मिलिमीटरने मोठा होतो आणि सिलिंडरचं भोक त्याच्या निम्म्यानेच. त्यात पिस्टन जाळाच्या तोंडी बसलेला आणि सिलिंडरला बाहेरून वारा लागणारा, म्हणजे पिस्टन तापतोही अधिक. थंड इंजिनात या वाढीला जागा ठेवली नाही, तर खंबाटकी घाटाच्या चढावर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जाम होतं. जागा जास्त ठेवली, तर पिस्टन खडखडतो आणि ऑइल वर चढून सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. केसाच्या जाडीएवढ्या फरकावर हा खेळ चालतो. रिंगचंही तसंच आहे. नवी रिंग सिलिंडरमध्ये बसवल्यावर तिच्या दोन टोकांत साधारण ०.३ मिलिमीटर अंतर राहायला हवं. नाहीतर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला पसरायला वाव उरत नाही आणि ती सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढते.

घट्ट ते मजबूत आणि सैल ते खराब, अशी आपली एक सवयीची समजूत असते. यंत्राच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. कोकणातला सुतार उन्हाळ्यात दार बसवताना चौकटीत मुद्दाम थोडी जागा सोडतो, कारण पावसाळ्यात लाकूड फुगणार हे त्याला ठाऊक असतं. मोटरसायकलमध्ये अशा सोडलेल्या जागा पावलोपावली आहेत. हलणाऱ्या प्रत्येक जोडीत एक फट आखणाऱ्याने दिलेली असते आणि एक फट वापराने झिजून पडत जाते. गाडी सांभाळणं म्हणजे या दोन फटी ओळखणं आणि दुसरीला पुन्हा पहिलीच्या मापावर आणणं. सुटे भाग ही त्याची सामग्री झाली.

हे समजून घ्यायला बिडाच्या इंजिनाची बुलेट फार सोयीची आहे, कारण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक फट मालकाच्या हाताच्या टप्प्यात आहे. ही गाडी आखली गेली इंग्लंडमध्ये, रेडिचच्या रॉयल एनफील्ड कारखान्यात. भारतीय सैन्याच्या मागणीमुळे १९५५ पासून ती मद्रासमध्ये जुळवली जाऊ लागली, पुढे पूर्णपणे तिथेच बनू लागली. रेडिचचा कारखाना बंद पडला तरी मद्रासमध्ये त्याच आराखड्याचं इंजिन, बारीकसारीक बदल होत, २०१०च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. त्यामुळे या गाडीच्या सुट्या भागांचा तोटा कधी पडला नाही. भागांच्या बाजारासाठी पुण्यात नाना पेठ आहे, दिल्लीत करोल बाग आहे. इंग्लंडमधले शौकीनसुद्धा आपल्या १९५०च्या दशकातल्या रेडिच गाड्यांना भारतात बनलेले भाग लावतात. भाग मिळणं ही बुलेटवाल्याची अडचण कधीच नव्हती. तो बसवल्यावर त्याच्या शेजारी काय होतं, तिथे खरी गोम आहे.

टॅपेटचंच पाहा. सिलिंडरच्या बुडाशी, उजव्या अंगाला, एका नटावर बसलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की दोन पुशरॉड आणि त्यांचे ॲडजस्टर दिसतात. रीत अशी: इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, आणि रॉड चिमटीत धरून सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली मुळीच हलता कामा नये. म्हणजे हे माप शून्याच्या अगदी जवळ ठेवायचं. आता समजा तुम्ही हेड उतरवून गॅसकेट बदललं. टॅपेटला कुणी हातही लावला नाही. तरी नवं गॅसकेट जुन्याइतकं दबलेलं नसतं, त्यामुळे हेड किंचित वर बसतं; पुढे चालून चालून गॅसकेट दबतं, हेडचे नट पुन्हा आवळावे लागतात आणि हेड किंचित खाली येतं. दोन्ही वेळा पुशरॉडची फट बदलते. गॅसकेट बदलून टॅपेट न पाहता गाडी हवाली करणारा मेकॅनिक अर्धंच काम करतो.

याच ठिकाणी घट्टपणाचा मोह सर्वांत जास्त नडतो. टॅपेटचा टिकटिक आवाज ऐकू आला की मालक म्हणतो, जरा आवळून द्या. आवळले की आवाज जातो, गाडी गोड वाटते. पण व्हॉल्व्ह आता आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्या टेकण्यातूनच हेडमध्ये उतरत असते. काही दिवसांत त्याची कड जळते. टॅपेटचा थोडा आवाज येणारी बुलेट मला गप्प बुलेटपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

इग्निशनच्या पॉइंटमध्ये हाच हिशेब वेगळ्या बाजूने येतो. तिथली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, तशी फट कमी होत जाते. पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढत नाही आणि विनाकारण तापते. मालक कार्बोरेटर साफ करून घेतो, प्लग बदलतो, पेट्रोल पंपाला दोष देतो. दुखणं मात्र फिलर गेजच्या एका पातीने सापडणारं असतं.

झिजलेली फट लपून कशी राहते, याचा चांगला नमुना म्हणजे चेन. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजलेली असतात. एका कडीत ०.१ मिलिमीटर झीज म्हणजे काहीच नाही. शंभरेक कड्यांत मिळून ती सेंटिमीटरभर होते. अशा लांबलेल्या चेनबरोबर सॉकेटचे दातही झिजून वाकड्या आकड्यांसारखे झालेले असतात. त्यावर एकटी नवी चेन चढवली तर जुने दात तिला आपल्यासारखी करून टाकतात. चेन-सॉकेट जोडीने बदलायचा आग्रह दुकानदार धरतो तेव्हा तो माल खपवतोय असा संशय येतो. या एका बाबतीत तो खरं बोलत असतो.

महिनाभर उभ्या असलेल्या बुलेटला किक मारताच गल्ली भरेल एवढा धूर निघाला, की नव्वद टक्के लोक रिंग गेल्या असं ठरवून मोकळे होतात. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसला जोडूनच, वेगळ्या कप्प्यात असते. ऑइल पंपाच्या चकत्या झिजल्या, की उभ्या गाडीत त्या कप्प्यातलं ऑइल हळूहळू क्रँकच्या बाजूला पाझरतं आणि सुरू केल्यावर जळून निघतं. गाडी थोडी चालल्यावर धूर थांबला तर आधी पंप पाहावा. बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून चकती तिच्या बैठकीवर घासून बसवणं हे काही तासांचं काम आहे. बोअर-पिस्टन हा कित्येक हजारांचा खर्च.

आट्यांचा घोळ मात्र झिजेतून येत नाही, तो इतिहासातून येतो. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे निरनिराळे आटे आहेत, नंतरच्या गाड्यांत मेट्रिक मिसळत गेले. पाव इंची बारीक आट्याच्या बोल्टवर इंचाला २६ आटे असतात. ६ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टवर मिलिमीटरला एक, म्हणजे इंचाला २५ च्या थोडे वर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्यामुळे पाव इंची भोकात ६ चा बोल्ट जातो, फिरतो, थोडा धरल्यासारखाही वाटतो. मग एके दिवशी आवळताना आटे घेऊन बाहेर येतो. न बसणारा भाग निदान दुकानातच नाकारता येतो. बसल्यासारखा वाटणारा भाग इंजिनाच्या खर्चाने कळतो.

यातून माल घेण्याचा एक उपयोगी निकष हाती येतो. ओरिजिनल की लोकल, हा वाद सरसकट घालण्यात अर्थ नाही. मडगार्डचा पट्टा, पायदानाचं रबर, टूलबॉक्सचं झाकण, हँडलच्या मुठी या गोष्टी लोकल घेतल्या तर बिघडत नाही. ज्या भागाच्या अंगाला मोजून दिलेली फट आहे, म्हणजे पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह गाइड, पॉइंट, ऑइल पंप, तिथे स्वस्ताच्या मोहात पडू नये. आणि तिथे कंपनीचा डबा आणला तरी मापल्याशिवाय बसवू नये.

गाडी सजवणाऱ्यांना हे सगळं आपल्याला लागू नाही असं वाटतं. त्यांना इंजिन खोलायचं नसतं, फक्त शॉर्ट बॉटल किंवा इंदोरी सायलेन्सर, उंच हँडल आणि मागे रुंद टायर हवा असतो. पण बाहेरून लावलेला भागही आतलं कुठलंतरी अंतर बदलतो. मोकळ्या सायलेन्सरने इंजिनाचा श्वास बदलतो. त्याच जेटवर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. प्लग काढून पाहिला तर चॉकलेटी रंगाऐवजी पांढुरका दिसतो, इंजिन तापतं, आणि ज्या पिस्टनसाठी बोअरवाल्याने मोजून जागा ठेवली होती तो त्या जागेपलीकडे फुगू लागतो. सायलेन्सर बदलायचा तर मेन जेटही पाहावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही, कारण मूळ बनावटीत असे बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिक स्पष्ट केली. आवाजाबद्दल शेजाऱ्यांचं मत वेगळंच.

उंच हँडलची गोष्ट साधी आहे, पण धोक्याची. क्लच आणि थ्रॉटलच्या केबलींना मूळ हँडलच्या हिशेबाने ढील दिलेली असते. हँडल उंचावलं की ती ढील खाल्ली जाते. तपासायची रीत अशी: गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल आखूड पडते आहे. गल्लीच्या वळणावर ती स्वतःहून रेस देईल. क्लचची ढील संपली तर प्लेटा पूर्ण मिटत नाहीत, घसरत राहतात आणि जळतात. रुंद टायरचा प्रश्न तर डोळ्यांना दिसणारा असतो: तो चेनला घासतो की नाही, एवढं चाक फिरवून पाहिलं की झालं. तरी घासणारा टायर लावून फिरणारे महाभाग भेटतात.

नंतरच्या गाड्यांत या कटकटी गेल्या असं म्हणतात. २००९च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले; फट आपली आपण भरून काढणारे. पण ती भरतं कोण, तर ऑइल. पूर्वी रविवारी सकाळी पाना घेऊन जी काळजी मालक घेत असे ती आता ऑइलच्या दाबावर आणि स्वच्छतेवर सोपवली आहे. म्हणून या गाड्यांत ऑइल बदलायला उशीर करणं जुन्यापेक्षा महाग पडतं.

जुनी गाडी हातोहात फिरते, आणि तिच्यात झालेले बदल बाहेरून दिसत नाहीत. बोअर कितवा आहे, जेट कितीचा घातला, कुठल्या भोकात मेट्रिकचे आटे पाडून घेतले, हे पुढच्या माणसाला इंजिन उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. पिस्टन मानक मापाचा समजून तो रिंग आणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तेव्हा बुलेट ठेवणाऱ्यांना एवढीच विनंती: टूलबॉक्समध्ये एक छोटी वही ठेवा, प्रत्येक भाग बदलताना तारीख आणि माप तिच्यात लिहा, आणि गाडी विकाल तेव्हा कागदपत्रांबरोबर ती वहीही द्या.