विसावा कोणाचा?

संध्याकाळची मिस्सा आटोपून वांद्र्याच्या कार्टर रोडवर समुद्राकडे तोंड करून बसण्यात निराळेच समाधान असते. काळे खडक, तिवरांची हिरवी किनार, पश्चिमेला टेकलेला सूर्य. दिवसभराचा शीण नकळत उतरतो. अशाच एका संध्याकाळी दांड्याच्या कोळीवाड्याकडून वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला आणि आमच्या तोंडून सहज उद्गार निघाला, “हे सारे येथून हलवायला हवे.” शेजारच्या बाकावर टोपली टेकवून एक कोळीण घटकाभर विसावली होती. ती काही बोलली नाही. टोपली उचलून चालू लागली. तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. ज्याला आपण सार्वजनिक स्थळ म्हणतो, ते नेमके कोणाचे?

वांद्र्याच्या जुन्या खुणा याबाबत काही सांगू पाहतात. माहीमच्या खाडीवर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगीजांनी १६४० मध्ये किल्ला बांधला. पहाऱ्याच्या त्या जागी आज कोणीही जाऊन वारा खात बसतो. १८९६ च्या प्लेगच्या काळात गावोगावच्या वाटांवर क्रूस उभे राहिले. ते शोभेसाठी नव्हते. भेदरलेल्या माणसांना एकत्र येऊन प्रार्थना करता यावी म्हणून होते. जेथे कचरा पडत असे, तेथे १९९० मध्ये जॉगर्स पार्क आले. आणि सप्टेंबरमध्ये मोत माउलीची पायरी चढणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारीत नाही. या जागा आपल्या झाल्या, कारण त्या आपल्यापुरत्या राहिल्या नाहीत.

शब्बाथाची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. परंतु अनुवादाच्या ग्रंथात त्या आज्ञेचा विस्तार पाहिला, की मन थबकते. विसावा केवळ घरधन्याला नाही. दासाला, दासीला, परक्याला, बैलालाही आहे. विश्रांती ही सुखवस्तू माणसाची चैन नसून सर्वांचा वाटा आहे, असाच त्याचा अर्थ. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, सुंदर जागा खासगी होऊन इतरांना बंद होतात, याबद्दल खंत व्यक्त केली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग शिस्त नको काय? स्वच्छता नको काय? अवश्य हवी. घाण करण्याचा अधिकार कोणालाच नाही. ना मासळी विकणाऱ्याला, ना मोटारीच्या खिडकीतून कागद भिरकावणाऱ्याला. मात्र नियम कृतीला असावा, माणसाला नसावा. ‘येथे कचरा टाकू नये’ हा नियम झाला. ‘येथे असली माणसे दिसू नयेत’ हा नियम नव्हे, तो अहंकार झाला. आणि तो पाटीवर लिहावा लागत नाही. एखाद्या उद्गारात, कपाळावरच्या आठीत तो पुरेसा वाचता येतो.

ज्या वासाने आमचे नाक मुरडले, तो कोणाच्या तरी घामाचा आणि चुलीचा वास होता. कार्टर रोड होण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी या किनाऱ्यावर होड्या ओढीत आले आहेत. आमच्यासाठी जो किनारा देखावा, तो त्यांच्यासाठी शेत. शेताच्या बांधावर आलेल्या पाहुण्याने शेतकऱ्यालाच उठवावे, हा कोठला न्याय?

त्या माऊलीची क्षमा मागण्याची संधी आम्हांस पुन्हा मिळाली नाही. तो बाक अजून तेथेच आहे. चार माणसे सहज बसतील एवढा तो लांब आहे. आपण मात्र मधोमध बसतो आणि शेजारी पिशवी ठेवतो. पुढच्या वेळी पिशवी मांडीवर घ्यावी, थोडे सरकून बसावे. प्रायश्चित्ताला एवढी सुरुवात पुरे.