मोजणाऱ्याची मोजणी

बदलापूरच्या खरवई औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्याचा जमाखर्च पाहण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्याबरोबर आधीच्या कारकुनाने संगणकावर ठेवलेली एक्सेलची एक फाइलही ताब्यात आली. सरकारी दप्तरात नोंदवही सुरू करताना तीत एकूण पाने किती आहेत याचा दाखला पहिल्याच पानावर सहीशिक्क्यानिशी लिहिण्याची रीत आहे. मागाहून एखादे पान फाडले गेले किंवा नवे घुसडले गेले, तर तो दाखलाच साक्षीला उभा राहतो. त्या रीतीस अनुसरून मीही पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या शीटांवर एकेक बोट ठेवीत मोजणी केली : बारा महिन्यांची बारा, ताळेबंदाचे एक, सारांशाचे एक, एकूण 14. मग रुजुवात म्हणून एका रिकाम्या चौकटीत बरोबरीचे चिन्ह, त्यापुढे ‘शीट्स’ हा शब्द आणि शेवटी कंसांची रिकामी जोडी असे सूत्र लिहिले. उत्तर उमटले, 16.

हे सूत्र एक्सेलच्या 2013 च्या आवृत्तीपासून उपलब्ध झाले. कंसात आरंभाच्या व अखेरच्या पानाचा निर्देश केला, तर ते तेवढ्याच पानांची संख्या सांगते. कंस रिकामा ठेवला, तर संपूर्ण वहीची. या मोजणीत कोणी मुद्दाम झाकून ठेवलेली पाने येतात, केवळ आलेख असलेली पाने येतात, आणि ज्या पानावर हे सूत्र स्वतः बसलेले असते तेही येते. त्याच वेळी आलेले त्याचे धाकटे भावंड म्हणजे ‘शीट’ हे एकवचनी सूत्र. त्याचा कंस रिकामा ठेवला, की आपण बसलो आहोत ते पान कितवे, एवढेच ते सांगते. एक विचारते ‘आपण किती?’, दुसरे विचारते ‘मी कितवा?’. या दोन प्रश्नांपाशी मी थबकलो, कारण वेदान्ताचा एक अतिपरिचित दृष्टांत नेमका या दोन प्रश्नांवर उभा आहे.

दहा इसम नदी उतरून पैलतीरी गेले. सर्व सुखरूप आले की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येकाने मोजणी केली आणि प्रत्येकाची बेरीज नऊच भरली, कारण मोजणारा स्वतःला सोडून मोजत होता. दहावा बुडाला असे समजून ते आक्रोश करू लागले. शंकराचार्यांनी हा दृष्टांत योजला आहे, आणि चौदाव्या शतकातील विद्यारण्यांनी पंचदशीच्या तृप्तिदीप नामक सातव्या प्रकरणात तो सात अवस्थांपर्यंत विस्तारला आहे : अज्ञान, आवरण, विक्षेप, परोक्षज्ञान, अपरोक्षज्ञान, शोकनाश आणि तृप्ती. वाटेने जाणारा कोणी आधी सांगतो की दहावा जिवंत आहे, हे परोक्षज्ञान. मग बोट दाखवून सांगतो की तो तूच, हे अपरोक्ष. दहावा कोठून आणावा लागला नाही. तो रडत होता, तेव्हाही दहावाच होता.

हा दृष्टांत मला एका पुराने जवळचा केला. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि रबरी नावांतून सुमारे 1,050 प्रवाशांना बाहेर काढण्यात आले, तेव्हा तो आकडा ऐकून आमच्या भागातील घराघराने निःश्वास टाकला. त्या आकड्यात प्रवासी होते. नावा हाकणारे जवान आणि मदतीला धावलेले ग्रामस्थ नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. तरीही त्या पाण्यातून परत आलेल्यांत तेही होतेच. दृष्टांतातील नदी मला तेव्हापासून उल्हासच वाटते.

मोजणाऱ्याला मोजणीत घ्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या शास्त्रांना नवा नाही. सांख्य या नावातच संख्या आहे. त्या दर्शनाने प्रकृतीपासून महाभूतांपर्यंत चोवीस तत्त्वे मोजली आणि ती पाहणाऱ्या पुरुषाला पंचविसावा म्हणून त्याच यादीत बसविले. याहून मला विलक्षण वाटते ती गीतेची गोष्ट. गीतेचे श्लोक परंपरेने 700. परंतु तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही प्रतींत अर्जुनाचा एक प्रश्न आढळतो, तो धरला तर 701 होतात. म्हणून कित्येक आवृत्त्यांत तो गाळलेला असतो, किंवा छापूनही त्याला क्रमांक दिलेला नसतो. आणि त्या बिनक्रमांकाच्या श्लोकात अर्जुन विचारतो काय, तर क्षेत्र म्हणजे काय आणि क्षेत्रज्ञ म्हणजे कोण! जाणणारा कोण हे विचारणारा श्लोकच मोजणीबाहेर राहावा, हा पाठभेदाचा योगायोग असेल; पण तो श्लोक वाचताना माझे मन प्रत्येक वेळी तेथे थांबते.

यावर आक्षेप घेता येईल की सूत्र जड आहे, त्याला ‘मी’ नाही. ते आपले पान मोजते, स्वतःला नव्हे, आणि 16 हा आकडा वाचणारा तर वहीच्या बाहेर खुर्चीवर बसलेला असतो. आक्षेप रास्त आहे. सूत्राला आत्मज्ञान झाले असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की त्याने माझ्यासाठी वाटसरूचे पहिले अर्धे काम केले : जे मला दिसत नव्हते ते आहे, असे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. ते कोठे आहे, त्यावर मजकूर काय, हे त्याने सांगितले नाही. शब्दप्रमाणाचा, म्हणजे विश्वासार्ह शब्दावरून होणाऱ्या ज्ञानाचा, अधिकार आणि त्याची मर्यादा यांचा इतका स्वच्छ अनुभव मला ग्रंथ वाचून आला नव्हता. पण तेवढ्यावर थांबता येत नाही : अंबरनाथच्या शके 982 मधील शिवालयात मंडपापर्यंत पोचलेल्या माणसालाही गाभाऱ्यासाठी पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावेच लागते.

म्हणून उतरलो. शीटाच्या नावावर उजवी कळ दाबून ‘अनहाइड’ केले, तेव्हा यादीत एकच नाव आले. ते पान उघडले; त्यावर हजेरीपटात कधीच नसलेल्या, ट्रक आला की बोलावल्या जाणाऱ्या हमालांना वेळोवेळी दिलेली उचल लिहिलेली होती. वर्षभर सारांशात ज्यांचा एक पैसा दिसला नव्हता, ती माणसे वहीत सुरुवातीपासून होती. मी ते पान पुन्हा झाकले नाही, आणि त्याची बेरीज सारांशात घेतली.

उरलेले एक पान त्या यादीतही येत नव्हते. काही पाने इतकी खोल झाकलेली असतात की त्यांचे आवरण आज्ञावली लिहिण्याच्या खिडकीत शिरूनच काढावे लागते. तेही काढले. ते पान संपूर्ण कोरे होते. ते कोणी, कशासाठी झाकून ठेवले असेल, यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. शून्याचे वर्णन करणाऱ्याला, ते शून्य पाहणारा कोण, असा प्रश्न वेदान्ती विचारतात, तो आठवला. मग त्या कोऱ्या पानाच्या पहिल्या चौकटीत एकवचनी सूत्र लिहिले, कंस रिकामा ठेवला आणि एंटर दाबले.

पानाने उत्तर दिले : 16.