मिलिंदाचा रथ, इम्पालाची स्प्रिंग

१९६४ सालच्या शेव्हरोले इम्पालाची पुढची कॉइल स्प्रिंग काढणं जोखमीचं काम आहे. दीड टनाहून जड गाडीचा भार पेलत ती पोलादी गुंडाळी वरची फ्रेम आणि खालचा कंट्रोल आर्म यांच्या मध्ये दबून बसलेली असते. आर्मखालचा जॅक बेताबेताने उतरवला नाही, तर ती उसळून हात मोडू शकते. ती निघाली की तिच्या जागी एअर स्प्रिंग बसते: आत दोऱ्यांचे थर असलेली, जाड रबराची, वेढ्यांची फुगी. शॉक अब्सॉर्बर मुळात कॉइलच्या पोटातून गेलेला असतो, त्याला आता बाहेर नवी जागा द्यावी लागते. डिकीत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी येते, तिथून चारही चाकांकडे नळ्या जातात, मध्ये व्हॉल्व्ह बसतात. बटण दाबलं की हवा फुस्सकन सुटते आणि सव्वापाच मीटरहून लांब असलेली ती गाडी उंटासारखी खाली बसते. दुसरं बटण दाबलं की उठते.

यात केवळ दिखावा नाही. साध्या कॉइलचा ताठपणा ठरलेला असतो. हवा मात्र जितकी दाबावी तितकी ताठ होत जाते. गाडीत सहा माणसं बसली आणि डिकी सामानाने भरली, तर दाब वाढवून उंची पुन्हा पहिल्यासारखी करता येते. लांबच्या रस्त्यावर ही गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते.

तरीही अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये या बदलावरून कडाक्याचे वाद होतात. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच गाडी जपली पाहिजे, असं एक बाजू मानते. दुसरी म्हणते, गाडी चालवण्यासाठी असते, पुरून ठेवण्यासाठी नाही. वरून हा हौशी लोकांचा तंटा दिसतो. पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न कुठल्याही दर्शनाला टाळता आलेला नाही. भाग बदलत राहिले तरी वस्तू तीच कशी राहते? आणि तिच्यातलं नेमकं काय असं आहे, की ज्याला हात लावू नये?

‘मूळ’ हा शब्द सोपा वाटतो. कॅडिलॅकची १९५७ सालची एल्डोराडो ब्रोगहॅम समोर आणली की तो अवघड होतो. १३,०७४ डॉलर किमतीची, दोन वर्षांत मिळून ७०४ च बनलेली ही गाडी कारखान्यातूनच एअर सस्पेन्शन, म्हणजे हीच हवेवरची यंत्रणा, घेऊन आली होती. पुढच्याच वर्षी इम्पाला हे नाव पहिल्यांदा बाजारात आलं, तेव्हा शेव्हरोलेनेही जास्तीचे पैसे घेऊन एअर सस्पेन्शन देऊ केलं. पण त्या काळच्या नळ्या, जोड आणि व्हॉल्व्ह हवा धरून ठेवत नसत. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी एका कुशीवर कलंडलेली सापडे. वैतागलेल्या मालकांनी ती सगळी यंत्रणा उपटून काढली आणि साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. म्हणजे आज इम्पालाची कॉइल काढून हवा घालणाऱ्याला जे ‘मूळ मोडणं’ म्हणतात, तेच काम ब्रोगहॅमच्या बाबतीत ‘मूळ परत आणणं’ ठरतं. आणि जी ब्रोगहॅम तीन वर्षं हवेवर आणि पुढची साठ वर्षं कॉइलवर धावली, तिचं खरं रूप कोणतं? जे कारखान्याने योजलं ते, की जे तिने जगून काढलं ते?

या प्रश्नावरचा सर्वांत धारदार संवाद एका वाहनावरूनच झाला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजे पाली परंपरेतला मिलिंद, सागल नगरीत भिक्षू नागसेनाला भेटला. सागल म्हणजे आजचं सियालकोट, असं बहुतेक अभ्यासक मानतात. (यवन आणि बौद्ध धर्म यांचं नातं मराठी वाचकाला परकं नाही, कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटाच्या यवन दात्यांचे लेख आजही वाचता येतात.) नागसेनाने आपलं नाव सांगितलं आणि लगेच म्हटलं, की या नावामागे कोणी कायमचा ‘नागसेन’ सापडणार नाही. राजा चकित झाला. तेव्हा नागसेनाने विचारलं, महाराज इथे चालत आलात की वाहनाने? रथाने, असं उत्तर आलं. मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? हे सगळं मिळून? की यांच्याहून वेगळं काही? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावं लागलं. आणि तरीही तो आला होता रथानेच. शेवटी राजाने स्वतःच कबूल केलं, की हे सगळे भाग असतात म्हणून ‘रथ’ हे नाव चालतं.

इम्पालाला हे जसंच्या तसं लागू पडतं. कॉइल म्हणजे इम्पाला नाही, इंजिन म्हणजेही नाही, मागच्या सहा लाल-पांढऱ्या दिव्यांची ओळही नाही. नाव भागांच्या आधाराने उभं असतं, भागांत लपून बसलेलं नसतं.

मग हवेचं काय? हवा सोडली की अख्खी गाडी बसते, हे पाहणाऱ्याच्या मनात भारतीय संस्कारामुळे पटकन ‘प्राण’ हा शब्द येतो. छांदोग्य उपनिषदात वाणी, डोळे, कान आणि मन एकेक वर्ष शरीर सोडून जातात, शरीर कसंबसं चालू राहतं; पण प्राण निघू लागताच बाकीचे सगळे मुळासकट हलतात. त्या गोष्टीची आठवण व्हावी असंच हे दृश्य आहे. मिलिंदाच्या दरबारातल्या अनंतकायालाही असंच वाटलं होतं. आत-बाहेर करणारा वायू हाच जीव, हाच नागसेन, असं त्याने सुचवलं. नागसेनाने उलट विचारलं, शंख फुंकणाऱ्याचा, बासरी वाजवणाऱ्याचा श्वास बाहेर जातो तो परत येतो का? नाही. मग ते मरतात का? तेही नाही. श्वास ही शरीराची क्रिया आहे, त्यात कोणी बसलेलं नाही. एअर सस्पेन्शनमध्ये हे डोळ्यांदेखत घडतं. प्रत्येक वेळी सोडलेली हवा गल्लीत मिसळून जाते आणि कॉम्प्रेसर नवी ओढून घेतो. गाडीला उचलून धरणारी गोष्ट दर फेरीला वेगळी असते, गाडी वेगळी होत नाही.

ग्रीकांकडे हा प्रश्न थिसियस या वीराच्या जहाजाच्या रूपात आला. कुजलेली फळी काढून नवी बसवत अथेन्सवासीयांनी ते जहाज टिकवलं आणि ते तेच का, यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले, असं प्लुटार्क सांगतो. १६५५ साली थॉमस हॉब्जने त्यात एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरं जहाज कोणतं? गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या चार कॉइल स्प्रिंगा हा हॉब्जचाच पेच आहे. फक्त इथे तो कोडं म्हणून येत नाही, परतीची वाट म्हणून येतो.

बदल आणि सातत्य यांचं नातं समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या चिमायो या गावाकडे पाहावं. तिथे १८१६ साली बांधलेलं मातीच्या विटांचं एक कॅथलिक देऊळ आहे. गुड फ्रायडेला हजारो माणसं मैलोन् मैल चालत तिथे येतात. ही पायपीट पाहून मराठी माणसाला वारी आठवल्याशिवाय राहणार नाही. देवळाच्या बाजूच्या खोलीत जमिनीत एक छोटा खड्डा आहे. त्यातली माती रोग बरे करते अशी श्रद्धा असल्याने यात्रेकरू ती मूठभर घरी नेतात. खड्डा रिकामा होतो. मग देवळाची माणसं जवळच्या टेकड्यांवरची माती आणून, तिला आशीर्वाद देऊन तो पुन्हा भरतात. यात लपवाछपवी नाही. मातीचा कणन् कण बदलला तरी खड्डा तोच आहे, कारण येणाऱ्यांच्या गुडघ्यांनी आणि हातांनी ते सातत्य धरून ठेवलं आहे.

याच चिमायोतून एक गाडी थेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. डेव्हिड हारामियो या तरुणाने १९६९ सालच्या फोर्ड एलटीडीचा ‘लोरायडर’ करायला घेतला होता. लोरायडर म्हणजे जमिनीलगत बसवलेली, रंगवलेली, मखमलीने सजवलेली, संथ चालवायची गाडी. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांनी जोपासलेली ही कला आहे. एस्पान्योला आणि चिमायोच्या परिसरात अशा कित्येक गाड्यांवर ग्वादालूपेची माता मेरी रंगवलेली दिसते, आणि गाडी संथ चालवण्यात मिरवणुकीचा भाव असतो. १९७८ साली हारामियो मोटार अपघातात गेला. गाडी अर्धवट होती. बायकोने, चुलतभावाने आणि घरच्यांनी ती पुरी केली. तिचं नाव ‘डेव्हज ड्रीम’. १९९० साली संग्रहालयाने ती घेतली.

फोर्डच्या कारखान्याने बनवलेली एलटीडी ती उरलीच नव्हती. संग्रहालयाने जपली ती एका माणसाची इच्छा आणि ती पुरी करणाऱ्यांचे हात. कुठल्याही न वापरलेल्या, मूळ रंगातल्या एलटीडीपेक्षा ही गाडी जास्त खरी आहे.

लोरायडर वर-खाली करण्याची ही विद्या आली कुठून, तर कायद्यातून. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षाही बॉडी खाली असलेली गाडी रस्त्यावर आणायला कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंदी घातली. रॉन अगिरे या तरुणाने आपल्या १९५७ सालच्या कॉर्व्हेटवर विमानाचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचे, पंप बसवले: पोलीस दिसले की वर, गेले की खाली. लोरायडरवाल्यांची परंपरा त्या तेलाच्या दाबाची. हवेची पद्धत त्याच्या शेजारी वाढली, कारण ती अंगाला मऊ लागते. तो उंचीचा नियम आणि गावोगावच्या संथ मिरवण्यावरच्या बंदीचा आधार कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून काढून टाकला; १ जानेवारी २०२४ पासून हा कायदा अमलात आला. त्याआधीच, २०१७ साली, ईस्ट लॉस एंजेलिसच्या हेसुस वालादेस यांची ‘जिप्सी रोझ’ ही गुलाबांनी रंगवलेली १९६४ ची इम्पाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत घेतली गेली. आणि ही त्या नावाची दुसरी गाडी. पहिली जिप्सी रोझ १९६३ ची इम्पाला होती. नाव एका देहातून दुसऱ्या देहात गेलं, तरी लॉस एंजेलिसमध्ये कोणाला ते खोटं वाटत नाही.

तर मग काहीही करायला मोकळीक आहे का?

नाही. आणि इथेही नागसेनच वाट दाखवतो. पुन्हा जन्मणारा तो तोच नसतो आणि दुसराही नसतो, असं तो म्हणतो, तेव्हा राजाची शंका रास्त असते: मग जबाबदारी कोणाची? नागसेन आंबे चोरणाऱ्याचं उदाहरण देतो. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा होता, मी नेले ते आंबे वेगळे. राजा त्याला सोडणार नाही, कारण हे आंबे त्या आंब्यावाचून आलेच नसते. वस्तूत कायमचा आत्मा नाही म्हणून कर्माचं उत्तरदायित्व संपत नाही. उलट ते सातत्यच कर्म वाहून नेतं.

इम्पालावर हे कर्म फ्रेमपाशी घडतं. १९५८ ते १९६४ च्या इम्पालाची फ्रेम इंग्रजी एक्स अक्षरासारखी आहे आणि प्रॉपेलर शाफ्ट तिच्या मधल्या बोगद्यातून जातो. गाडी फार खाली बसवली की शाफ्ट बोगद्याला घासतो आणि मागचा अ‍ॅक्सल फ्रेमला टेकतो. त्याला जागा मिळावी म्हणून बरेच जण फ्रेमला अर्धगोल खाच पाडून वरून पत्रा वेल्ड करतात. बोल्टने बसवलेली एअर स्प्रिंग उद्या काढता येते. पाडलेली खाच बुजवली तरी ती फ्रेम पहिल्यासारखी होत नाही. वेल्डिंग कच्चं असलं, तर तडा तिथूनच जातो, आणि त्या गाडीत पोरंबाळं बसणार असतात. एअर स्प्रिंग कडेला घासून वेगात फुटली आणि भार झेलणारा बंप स्टॉप नीट नसला, तर गाडी त्या बाजूला कोसळते. स्प्रिंग बदलण्यात गाडीशी बोलणं चालू राहतं. ज्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, त्यांची फ्रेम कापणं म्हणजे पुढच्या मालकाचा बोलण्याचा हक्कच काढून घेणं आहे.

भारतातल्या मालकांसाठी तर ही रेघ कायद्यानेही ओढली आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला चालत नाही. बाकी बदलांनाही मोकळं रान नाही: कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. मुंबईच्या एखाद्या गॅरेजात आजोबांची इम्पाला ताडपत्रीखाली उभी असेल, तर तिच्या स्प्रिंगला पाना लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आणि परवानगी मिळून स्प्रिंगा काढल्याच, तर त्यांना ग्रीस लावा, कुठली कोणत्या चाकाची ते चिठ्ठी बांधून लिहून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा त्या चारही स्प्रिंगा तिच्याबरोबर द्या.