शाळेचा लॅपटॉप, घराचा उंबरठा

बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती शाळेने लॅपटॉप द्यावा की न द्यावा, हा वाद जुना होऊन आता शिळाही होऊ लागला आहे. एका पक्षाच्या लेखी ते यंत्र म्हणजे ज्ञानाचे महाद्वार, तर दुसऱ्याच्या लेखी एकाग्रतेचा काळ. आणि दोन्ही पक्ष आपापली आकडेवारी घेऊन इतक्या आवेशाने उभे ठाकतात की, ज्या एका गोष्टीवर या व्यवहाराचे बरेवाईट अवलंबून आहे ती गोष्ट, म्हणजे त्या यंत्राची मालकी, कारकुनाने नोंदवहीत टिपून ठेवावी इतक्याच योग्यतेची ठरून मागे पडते. लॅपटॉप शाळेने दिलेला की मुलाने घरून आणलेला, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीखात्याचा दिसतो. वस्तुतः मुलाच्या खोलीत रात्री नऊ वाजता कोणाची सत्ता चालावी, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले मेन हे राज्य अरण्यांचे, बटाट्याच्या शेतीचे आणि समुद्रातल्या शेवंडांचे. तेथील तत्कालीन गव्हर्नर अँगस किंग यांनी २००० साली, तिजोरीत अनपेक्षित शिल्लक पडलेली पाहून, राज्यातल्या सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप देण्याची तजवीज मांडली. ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडविणाऱ्यांपैकी एक असलेले सेमूर पॅपर्ट त्याच राज्यात येऊन स्थायिक झाले होते. वर्गाच्या कोपऱ्यात दोनचार संगणक मांडून ठेवल्याने काही साधत नाही, मुलागणिक यंत्र असेल तरच शिकण्याची रीत पालटते, हा त्यांचा आग्रह किंग यांच्या मनात ठसला होता. लोकांना मात्र ही कल्पना मुळीच रुचली नाही आणि विरोधाची पत्रे ढिगांनी आली. परंतु या प्रकरणातला मला सर्वांत उद्बोधक वाटणारा फेरफार निराळाच आहे. किंग यांच्या मूळ कल्पनेत ते यंत्र मुलाच्या कायमच्या मालकीचे व्हावयाचे होते. विधिमंडळाच्या चाळणीतून बाहेर पडताना ते शाळेच्या मालकीचे झाले, मुलाकडे केवळ वापरापुरते राहिले, आणि ते घरी न्यावयाचे की नाही याचा निर्णय ज्या त्या स्थानिक शाळामंडळावर सोपविला गेला. खर्चाच्या दृष्टीने हा फेरफार शहाणपणाचाच होता, कारण एकच यंत्र पुढल्या वर्षीच्या मुलालाही उपयोगी पडते. पण देणगीचे रूपांतर उसनवारीत झाले, आणि उसन्या वस्तूवर मूळ मालकाची नजर राहते, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नसावे.

२००२ च्या शरदऋतूत सुमारे १७,००० विद्यार्थ्यांना ‘आयबुक’ लॅपटॉप मिळाले, पुढील वर्षी आठवीचीही सोय झाली. आणि, जी गोष्ट अन्यत्र हटकून विसरली जाते ती येथे विसरली गेली नाही, मुलांच्या आधी शिक्षकांच्या हाती यंत्रे पडली. फलश्रुती काय? आठवीच्या लेखनपरीक्षेत अपेक्षित पातळी गाठणाऱ्यांचे प्रमाण २००० साली सुमारे २९ टक्के होते, ते २००५ साली सुमारे ४१ टक्क्यांवर गेले. सदर्न मेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००७ साली हा निष्कर्ष मांडताना असेही नोंदविले की, हाताने कागदावर उत्तरे लिहिणाऱ्या मुलांतही ही प्रगती दिसते. सारे श्रेय यंत्राला देणे घाईचे होईल. तरीही मला त्यात नवल वाटत नाही. कागदावर निबंध तिसऱ्यांदा लिहून काढणे ही तेरा वर्षांच्या मुलाला शिक्षा वाटते. पडद्यावर वाक्य उचलून दुसरीकडे ठेवणे, परिच्छेद मोडणे, पुन्हा जोडणे यांस काहीच कष्ट पडत नाहीत, आणि लेखन म्हणजे मुख्यत्वे पुनर्लेखन हे सत्य त्याच्या अंगवळणी आपोआप पडते. गणितात असा लाभ दिसला नाही, आणि तो दिसावा असे कारणही नव्हते.

याउलट पेरू देशाने ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या चळवळीची हिरवी-पांढरी यंत्रे आठ लाखांहून अधिक खरेदी केली. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांच्या पाहणीत २०१२ साली असे आढळले की, भाषा आणि गणित यांच्या गुणांवर काडीचाही परिणाम झालेला नाही. यंत्रे पोहोचली होती, पण ती वापरण्याची शिक्षकांची तयारी तुटपुंजी होती. याच चळवळीचा आपल्या देशातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांवर झाला. तो सरकारी धोरण होऊ शकला नाही, कारण केंद्र सरकारच्या शिक्षणखात्याने त्याआधीच, २००६ साली, ही कल्पना नामंजूर केली होती.

आता मालकीकडे वळू. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन या सधन उपनगराच्या शाळामंडळाने सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. मुले हायस्कुलातली, म्हणजे आपल्या विषयाहून दोनतीन वर्षांनी मोठी. पण न्याय तोच. यंत्र हरवले किंवा चोरीस गेले तर शोध लागावा म्हणून त्यात एक सोय घातली होती: शाळेच्या दफ्तरातून ती चालू केली की यंत्र ठरावीक मिनिटांनी पडद्याचे आणि समोर बसलेल्या व्यक्तीचे छायाचित्र टिपून शाळेकडे पाठवी. कॅमेऱ्याशेजारचा इवलासा हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो, हे काही मुलांनी पाहिले होते. तो यंत्रातला किरकोळ बिघाड आहे असे त्यांना सांगण्यात आले, आणि काही चाणाक्ष मुलांनी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून टाकली. २०१० च्या फेब्रुवारीत एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाने फिर्याद केली, तेव्हा अशी पन्नास हजारांहून अधिक चित्रे जमा झाल्याचे उघडकीस आले. त्या मुलाच्या बाबतीत ही सोय का चालू झाली? तर घरच्यांनी ५५ डॉलरचा विमा भरला नव्हता आणि विम्यावाचून लॅपटॉप घरी नेण्यास परवानगी नव्हती, म्हणून! मंडळाने त्याच वर्षी ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली. फौजदारी खटला कोणावरही झाला नाही. दुष्ट हेतूचा शोध घेऊ जाता हाती लागतो तो केवळ निष्काळजीपणा, आणि मला तीच गोष्ट अधिक भयावह वाटते. आपल्या मिळकतीची काळजी वाहणाऱ्या कोणत्याही दफ्तराच्या हातून हे घडू शकते.

मग मुलाने स्वतःचे यंत्र आणावे, हा मार्ग निर्वेध आहे काय? सहावी-सातवीपासून स्वतःचा लॅपटॉप आणण्याची अट घालणाऱ्या शाळा आता आपल्या महानगरांतही आहेत. अशा वर्गात क्षणभर डोकवावे: एका बाकावर कोरे करकरीत यंत्र, शेजारी थोरल्या भावाने वापरून टाकलेले, ज्याची बॅटरी तिसऱ्या तासालाच मान टाकते, म्हणून त्याचा धनी भिंतीतल्या एकुलत्या प्लगजवळची जागा धरून बसलेला, आणि ज्याच्या घरी एकच लॅपटॉप असून तो वडिलांच्या कचेरीत जातो, तो मुलगा दुसऱ्याच्या पडद्यात डोकावणारा. बापाची ऐपत वर्गात दिसू नये म्हणून ज्या शाळांनी गणवेश सक्तीचा केला, त्यांनीच ती पुन्हा बाकावर मांडावी, हा विपर्यास आहे. शिवाय घरच्या यंत्रावर शाळेचे खाते उघडताच शाळेचे नियम त्या खात्यापुरते तेथेही लागू करता येतात. तेव्हा स्वातंत्र्याचा जो लाभ मानला जातो, तोही अर्धाच.

म्हणून माझा कौल शाळेने दिलेल्या, सर्वांना सारख्या, आणि आधी शिक्षकाच्या हाती पडलेल्या यंत्राकडे आहे. विम्याच्या रकमेवाचून अडवणूक नसावी, हेही त्यातच आले. मात्र शाळेची हुकमत शाळेच्या वेळेपुरती आणि शाळेच्या कामापुरतीच असावी. वर्गात कोणती संकेतस्थळे बंद ठेवावीत हे शाळेने खुशाल ठरवावे. अमेरिकेत तर केंद्राची सवलत घेणाऱ्या शाळांवर असे निर्बंध आणि देखरेख २००० सालच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. पण यंत्र घराचा उंबरठा ओलांडून आत आले की कॅमेरा दुरून चालू करण्याचा अधिकार कोणालाही नसावा, आणि हरवलेल्या यंत्राचा शोध पालकांच्या लेखी तक्रारीवरून केवळ त्याच्या ठावठिकाण्यापुरता घेतला जावा. अनुभवी मुख्याध्यापक यावर हरकत घेतील की, मुले रात्री या यंत्रावर नको ते पाहतात आणि दोष शाळेच्या माथी येतो. ही अडचण खरी आहे. पण तिचे उत्तर घरातल्या माणसांनी शोधावयाचे आहे, दफ्तराने नव्हे.

जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा शुल्काच्या पावतीमागे बारीक टाइपातला एक करारनामा सहीसाठी पुढे येतो, आणि आपण तो वह्यांच्या यादीसारखा न वाचता सही करून मोकळे होतो. यंदा तो वाचावा. कॅमेरा दुरून कोण चालू करू शकतो, मुलाने लिहिलेले आणि पाहिलेले कोणाच्या नजरेस पडते, आणि ती नोंद किती काळ जपली जाते, एवढे मुख्याध्यापकांस लेखी विचारावे. आणि लेखी उत्तर हाती पडेपर्यंत सही रोखून धरावी.