तार तरी वाकवून पाहायची होतीस

काहून रे, हा ग्राफ घेऊन माझ्याकडे येताना पाय अडखळले नाहीत? पारसच्या वीजकेंद्रातल्या 250 मेगावॉटच्या संचाला असतो तसा टर्बाइनचा रोटर घेतलास. संच चालू-बंद होताना खाचेच्या बुडाशी पोलादाचं काय होतं ते शोधायला निघालास. आणि चाळिसाव्या फेऱ्याला तुझा ताण-विकृतीचा लूप मिटून सरळ रेघ झाला! वर म्हणतोस, "सर, कन्व्हर्ज झालं." म्हणजे आता त्या रोटरला कधीच काही होणार नाही? तुला तरी पटलं का?

नाही पटलं. तोंडावर दिसतंय. म्हणूनच राग येतो.

बांधकामावरची बाइंडिंग तार घे. चिमटीत धरून एकाच जागी इकडे-तिकडे वाकव, भराभर. मोडाची जागा गरम लागते की नाही? ती ऊब म्हणजे लूपच्या पोटातलं क्षेत्रफळ. खरी तार अशी तापत तापत तुटते. तुझी तार थंड पडते आणि तुटतच नाही.

आयसोट्रॉपिक हार्डनिंग का निवडलंस? "सॉफ्टवेअरमध्ये तेच आधी सोपं दिसलं." बस, एवढंच कारण? 250 एमपीएला यील्ड होणारं स्टील 300 पर्यंत ओढलंस, की उलट दाबताना तुझं मॉडेल उणे 300 पर्यंत हूं की चूं करत नाही. खरं स्टील त्याच्या कितीतरी आधी मान टाकतं. बाउशिंगरनं हे 1880च्या दशकात म्युनिकला मोजून ठेवलं. आणि तिसऱ्या वर्षाला फळ्यावर हे काढून अख्ख्या वर्गाला समजावलं कोणी? तूच ना?

यील्डचा पृष्ठभाग नुसता फुगत नाही, सरकतो. प्रागरच्या मॉडेलसारखा सरळ रेषेत सरकवलास, तर लूप लगेच बंद होतो, रॅचेटिंग, म्हणजे दर फेऱ्याला थोडं थोडं एकाच बाजूला सरकत जाणं, येतच नाही. आर्मस्ट्राँग आणि फ्रेडरिकनं 1966 मध्ये इंग्लंडच्या वीजमंडळाच्या अहवालात त्या सरकण्याला विसर जोडला. धातूला मागचं सगळं सारखं आठवत नाही. मग रॅचेटिंग आलं, पण फाजील. म्हणून शाबोशनं असे दोन-तीन बॅकस्ट्रेस, म्हणजे पृष्ठभागाच्या केंद्राची सरकणी, बेरजेत घेतले. त्यांचे 'सी' आणि 'गॅमा' हे स्थिरांक स्थिरावलेल्या लूपवर बसवायचे असतात. तू यूटीएम या ओढ-चाचणीच्या मशीनवरच्या एका ओढीवर भागवलंस!

रॅचेटिंग पाहायला लॅब लागत नाही. अकोला-बडनेरा अपडाउन करतोस ना? मोबाइलमधून मान वर काढ. वळणावरच्या जुन्या रुळाच्या डोक्याची कड बघ. पोलाद ओठासारखं बाहेर आलेलं असतं. कोणी ठोकून काढलं नाही ते. कोळशाच्या वाघिणींच्या एकेका चाकानं दिसणारही नाही इतकं सरकवलं, आणि मागे काही आणलं नाही. दोन वर्षं रोज तिथून जातोस.

"कॉलेजात सायकलिक टेस्टचं मशीन नाही." खरं आहे. पण अशा स्टीलचे छापलेले लूप आहेत, ते वाचलेस? मशीन असलेल्या एका तरी संस्थेला पत्र टाकलंस? टाकलं असतंस आणि नकार आला असता, तर मी तुझ्या बाजूनं भांडलो असतो. न मागितलेल्या मशीनसाठी कोणाशी भांडू?

सबमिशनची तारीख पुढे ढकलायचं मी बघतो. हा ग्राफ मात्र त्यात राहणार नाही. सोमवारी येशील तेव्हा आधी तुटलेली तार टेबलावर ठेवायची. मग लॅपटॉप उघडायचा.