पानाची खालची बाजू



आपल्यापैकीं पुष्कळ जण निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत कामास जातात. म्हणून प्रभूनें द्राक्षवेलाविषयीं जें सांगितलें (योहान १५), तें त्यांस आम्हांपेक्षां अधिक कळावें. सेमिनरींत आम्ही त्या अध्यायांतील ग्रीक क्रियापदांवर वाद घातले, परंतु वेलाखालीं उभें राहून पान उलटून पाहणें आम्हांस मजुरीस जाणाऱ्या एका भगिनीनें शिकविलें.

पूर्वीं नाशिकाकडे वेल पांगाऱ्याच्या जिवंत खांबावर चढवीत. आतां मांडव किंवा वाय पद्धत दिसते. वाय पद्धतींत फुटी दोहों बाजूंच्या तिरप्या तारांवर बांधतात. मधून वारा व प्रकाश शिरतो. मांडवांत तारांचें जाळें ६-७ फुटांवर असतें, त्यावर वेल पसरतो व घड खालीं सावलींत लोंबतात. मणी उन्हानें भाजत नाहींत, पीकही भरपूर येतें. मांडव वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वर फुटींची दाटी झाली कीं तेंच छप्पर घातक होतें. गोडी छाटणीनंतर पाऊस लागला, तर आंतील पानें लवकर सुकत नाहींत. केवड्याचे बीजाणू पाण्याच्या त्या पातळ थरांतून पोहत जाऊन पानाच्या खालच्या बाजूच्या सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरतात. वरून पाहणाऱ्यास तेलकट पिवळा डाग तेवढा दिसतो. पान उलटावें, तों खालीं पांढरी बुरशी! फुलोऱ्यांत रोग घडांवर गेला कीं ते वाळून, कुजून जातात. भुरीला तर पाण्याचा थेंबही लागत नाहीं. दाट सावली व दमट हवा तिला पुरते. फवारा मारावा, तर औषध वरच्या पानांवरच राहतें.

म्हणून जाणता बागायतदार फुटी कोवळ्या असतांनाच विरळणी करतो. ती भगिनी म्हणाली, "पाळकसाहेब, रोगट फूट कोणीही काढील, हिरवीगार काढतांना हात अडतो." फळ देणाऱ्या फाट्यासही प्रभु सोडीत नाहीं, याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं उमगला.

हें लिहितांना आम्हांस लाज वाटते, कारण एका मंडळींत आम्हींच असें दाट छप्पर वाढूं दिलें. दोन घराण्यांत विहिरीच्या पाण्यावरून वैर होतें. रविवारीं दोन्ही घरें उपासनेस येत, गायनें उत्तम होत, वर्गणी वेळेवर जमे. पाहुणे मंडळीची वाखाणणी करीत व ती आम्हांस गोड लागे. पिवळा डाग आम्हीं पाहिला होता. पान उलटलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं एका घरचें तान्हें मूल वारलें, आणि मयतीस दुसऱ्या घरचें एकही माणूस आलें नाहीं. त्या मातेनें आम्हांस विचारलें, "तुम्हांला ठाऊक होतें ना?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

त्यानंतर आम्ही रविवारची वाट न पाहतां दोन्ही घरीं जाऊं लागलों. विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरल्या आहेत. परंतु एक वृद्ध बंधु अजून दुसऱ्याच्या ओसरीवर चढत नाहींत. येत्या बुधवारीं आम्ही त्यांजकडे पुन्हां जाणार आहों. उपदेशक बंधूंनो, त्या सायंकाळीं आपल्या प्रार्थनेंत आमची आठवण असावी.