झाडाखाली थांबायचं नाही म्हणजे नाही

मान खाली घालून उभे राहू नका. वर बघा आणि विचारतो त्याचं उत्तर द्या. काल शाळा सुटली तेव्हा आभाळ काळंकुट्ट झालं होतं, वारा सुटला होता, गडगडाट सगळ्यांनी ऐकला होता. पक्क्या छताची शाळा उघडी होती आणि मी दारात उभा राहून तुम्हाला हाका मारत होतो. तरी तुम्ही सहा जण निघालात आणि पावसानं गाठताच धानाच्या बांधीवरच्या मोहाखाली सायकली टेकवून उभे राहिलात. कशासाठी? दप्तरं भिजतील म्हणून! दप्तर वाळतं रे.

उंच वस्तूवर वीज पडण्याचा धोका जास्त, हे तुम्ही पेपरात लिहून गुण मिळवलेत. मग त्या मोकळ्या बांधीत सगळ्यांत उंच काय होतं? झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते, बुंध्याभोवतीच्या जमिनीतून पायांत शिरते. म्हणून एका झाडाखालची माणसं आणि शेळ्या एकदम मरतात.

2023 च्या एप्रिलमध्ये आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, देसाईगंज तालुक्यातल्या तुळशी फाट्याजवळ, लग्नाहून दुचाकीवर परतणारं एक कुटुंब पावसामुळे झाडाखाली थांबलं. आई, वडील, दोन लहान मुली. चौघंही गेली. त्यांना बोल लावणारा मी कोण? आपल्याकडे जो तो करतो तेच त्यांनी केलं. पण तुम्हाला ही गोष्ट याच वर्गात सांगितली होती. ऐकून, कळून, तुम्ही तेच केलंत, याचा मला संताप आहे. त्याच वर्षी जुलैत शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात शेतात राबणारी माणसं विजेनं गेली. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त लोक असे जातात. मागे राहिलेल्यांना सरकार चार लाख रुपये देतं. तुमच्या आईला ते हवेत का? विचारून या घरी.

आणि हो, मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "पायाळू माणसावरच वीज पडते, गुरुजी." दहावीच्या वर्गात हे ऐकावं लागतं! जन्मताना पाय आधी आले की डोकं, हे विजेला कळत नाही. उन्हाळ्यात आपली जमीन भट्टीसारखी तापते, बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येते, ती वर चढते, बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग होतात आणि दुपारनंतर फुटतात. पावसाळ्यात खंड पडून ऊन तापलं की पुन्हा तेच. यात नशीब कुठे आलं?

त्याच उपसागराच्या काठी ओडिशा आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. वादळ लहान नव्हतं. इशारा मिळाल्यावर माणसं उठली आणि निघाली. आपल्याला तर गाव सोडायचं नाही, पक्क्या घरात शिरायचं आहे. तेवढंही होत नाही?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं "दामिनी" ॲप केलं आहे. जवळपास वीज कडाडते आहे का, ते फुकट दाखवतं. तुमच्यातल्या तिघांच्या घरी मोबाइल आहे, त्यावर रात्री बारापर्यंत रील बघता. दामिनी कुणाकडे आहे? एकही हात वर नाही. रेंज नसते म्हणता, खरं आहे, पलीकडच्या टोल्यांवर नसतेच. पण कानांना रेंज लागत नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. काम टाकायचं, पक्क्या घरात किंवा एसटीत, जीपमध्ये शिरून काचा लावायच्या. शेतातला मांडव चालणार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, मुकादम ओरडला तरी नाही. मुकादमाला माझं नाव सांगा, मी येतो बोलायला.

आडरानात अगदीच सापडलात तर झाडांपासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज साठून राहत नाही. शेणात पुरण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा.

बसा आता. उद्या रोवणीला आईसोबत जाणाऱ्यांनी हात वर करा. तुमच्या बांधीपासून सगळ्यांत जवळचं पक्कं घर कोणतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, ते आज संध्याकाळी चालून मोजायचं, वहीत लिहायचं आणि त्याखाली आईची सही किंवा अंगठा घेऊन यायचं. उद्या पहिल्या तासाला मी प्रत्येकाची वही बघणार आहे.